नदीच्या तळाचे दप्तर

नदीचे आरोग्य पारखावयाचे असेल, तर तळातले गोटे पायाने ढवळावेत आणि प्रवाहाच्या उतारास धरलेल्या बारीक जाळीत जे येईल ते पांढऱ्या परातीत ओतून निरखावे: पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले अविरत हालविणारी कीटकांची पिले, रेशमी धाग्याने वाळूचे कण सांधून स्वतःभोवती नळीसारखे घर रचणाऱ्या अळ्या, चतुराची पिले, गोगलगायी. पाण्यातील प्राणवायू घटला की यांतल्या नाजूक जाती प्रथम नाहीशा होतात. म्हणून जेथे वर्षानुवर्षे त्यांची मोजदाद झाली, तेथे नदीचा इतिहासच दप्तरी दाखल झाला आहे.

अशी दप्तरे युरोपातील 22 देशांतून गोळा करून, 1968 ते 2020 या काळातील 1,816 नोंदमालिकांचा ताळा घेणारा अभ्यास 2023 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात जीवप्रकारांची संख्या दरसाल सरासरी 0.73 टक्क्यांनी, तर एकूण जीवसंख्या 1.17 टक्क्यांनी वाढलेली आढळली. ही किमया आपोआप घडलेली नव्हे. नगरांचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, याचा बंदोबस्त तेथील सरकारांनी कसोशीने केला, 1991 साली युरोपीय समुदायाने त्याची सक्तीच केली, आणि या यशाचा उच्चार मुक्तकंठाने झाला पाहिजे. परंतु ही वाढ बहुतांशी 2010 पूर्वीची. त्यानंतर ती खुंटली आहे. धरणांच्या खालच्या अंगास, शहरे व शेतजमिनी यांचे पाणी जेथे उतरते तेथे, आणि पाणी अधिक वेगाने तापत आहे अशा प्रवाहांत, जीवांचे पुनरागमन मुळातच क्षीण राहिले.