घर विकून गाडीत राहायला निघालेल्या अमेरिकन लोकांना छळणारा प्रश्न : डिझेल की पेट्रोल?

रिटायर झाल्यावर आपल्याकडे लोक गावाकडचं घर दुरुस्त करायला काढतात. अमेरिकेत काही जण उलटं करतात. राहतं घर विकतात आणि त्या पैशांतून मोटरहोम घेतात. बेडरूम, किचन, टॉयलेट-बाथरूम सगळं आत असलेली बसएवढी गाडी. उन्हाळा उत्तरेकडे काढायचा, थंडी पडली की ॲरिझोना नाहीतर फ्लोरिडा गाठायचं.

ऐकायला भारी वाटतं. पण घराची किंमत सहसा वाढते आणि गाडीची शोरूममधून बाहेर पडल्यापासून उतरत जाते. त्यामुळे गाडी चुकीची निघाली, तर ती विकून परत पहिल्यासारखं घर घेता येत नाही. म्हणूनच खरेदीआधी डिझेल की पेट्रोल यावर लोक महिनोन्महिने घालवतात.

आधी एक घोळ मिटवू. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. त्यामुळे तिथली 'गॅस मोटरहोम' सिलिंडरवर पळत नाही, ती साधी पेट्रोल गाडी असते. सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेनही गाडीत असतो, पण तो शेगडी आणि गिझरसाठी.

आता आपलं नेहमीचं गणित काय? डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त, त्यामुळे रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या. अमेरिकेत हे पहिल्याच पायरीवर फसतं. तिथे डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महाग असतं. केंद्र सरकारचा करच पेट्रोलवर गॅलनमागे 18.4 सेंट आहे आणि डिझेलवर 24.4 सेंट.

ॲव्हरेजचं ऐकाल तर कपाळावर हात माराल. मोठी पेट्रोल मोटरहोम लिटरला 3 किलोमीटरच्या आसपास जाते, डिझेलवाली 4 च्या आसपास. समजा, वर्षाला 8,000 किमी फिरणं झालं. पेट्रोल गाडी लिटरला 3.2 किमी देत असेल तर 2,500 लिटर लागेल, डिझेल गाडी 4 देत असेल तर 2,000 लिटर. पेट्रोल 85 सेंट आणि डिझेल 1 डॉलर लिटर धरलं, तर खर्च झाला 2,125 आणि 2,000 डॉलर. वर्षाची बचत 125 डॉलर. मोठ्या गाड्यांत डिझेलसाठी लाखभर डॉलर जास्त मोजावे लागू शकतात. ते या बचतीतून वसूल करायचे तर 800 वर्षं गाडी चालवावी लागेल.

मग लोक डिझेल घेतात तरी कशाला?

त्याचं उत्तर डोंगरात आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-70 हायवे आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे बोगद्यापर्यंत जवळपास एक तृतीयांश ताकद गायब. डिझेलला टर्बो असतो, तो हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे त्याला एवढा फटका बसत नाही.

मोठ्या पेट्रोल मोटरहोम बहुतेक फोर्डच्या एफ-53 चेसिसवर बनतात. तिच्या 7.3 लिटर व्ही-8 इंजिनाची ताकद 335 हॉर्सपॉवर. डिझेलमधल्या कमिन्सच्या 6.7 लिटर इंजिनाची 340. कागदावर सारखंच! फरक टॉर्कमध्ये आहे. पेट्रोलला सुमारे 630 न्यूटन मीटर, तेही इंजिन चांगलंच रेटल्यावर. डिझेलला 950 च्या आसपास, आणि ते कमी आरपीएमला. त्यामुळे चढावर पेट्रोल इंजिन किंचाळत राहतं आणि डिझेल शांतपणे ओढतं.

उतारावरचा फरक तर जास्त महत्त्वाचा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरलं की ब्रेक तापतात, हे कसारा घाटातला कुठलाही ट्रक ड्रायव्हर सांगेल. मोठ्या डिझेल गाड्यांत एअर ब्रेक आणि जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो, जो इंजिनच्या जोरावर वेग धरून ठेवतो. पेट्रोलवाल्याला गिअर खाली टाकत उतरावं लागतं.

वजनाचंही तसंच. एफ-53 वर सामान-माणसांसकट जास्तीत जास्त 11.8 टन चालतात. डिझेल गाड्या त्याच्या बऱ्याच पुढे जातात. पूर्ण संसार आत भरायचा, टाकीत 300 लिटर पाणी घ्यायचं आणि मागे जीप बांधून न्यायची असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. शिवाय मोठ्या डिझेलमध्ये इंजिन मागे असतं. पुढे बसणाऱ्यांना ना आवाज, ना धग.

म्हणून डिझेलच बरं? वर्षातून दोन-चार ट्रिप करणाऱ्यासाठी अजिबात नाही. पेट्रोल इंजिनात 7-8 लिटर ऑइल लागतं, मोठ्या डिझेलमध्ये 15 ते 25 लिटर. कामही ट्रकच्या वर्कशॉपमध्ये. 2010 च्या प्रदूषण नियमांनंतर डिझेलला डीईएफही लागतं, म्हणजे आपले ट्रकवाले ज्याला 'युरिया' म्हणतात तेच. ते संपलं किंवा त्याचा सेन्सर बिघडला की गाडी आपणहून वेग कमी करते. आणि जवळच्या जवळ फिरवून उभी ठेवली, तर धुराचा फिल्टर काजळीने तुंबतो. सपाट राज्यांत फिरणाऱ्या आणि एका जागी महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या जोडप्याने लाखभर डॉलर डिझेलमध्ये घालण्यापेक्षा बँकेत ठेवलेले बरे.

छोट्या व्हॅनमध्ये हा वाद एवढा तापत नाही. तिथे मर्सिडीज स्प्रिंटर म्हणजे डिझेल, रॅम प्रोमास्टर आणि फोर्ड ट्रान्झिट म्हणजे पेट्रोल.

सुट्टीत अमेरिकेतल्या नातेवाइकांबरोबर भाड्याच्या मोटरहोमने यलोस्टोन बघायचा प्लॅन असेल, तर निवडीचा प्रश्न बहुतेक येतच नाही. भाड्याच्या गाड्या शक्यतो पेट्रोलच्या असतात. फक्त पंपावर नोझलचा रंग बघून भरू नका. तिथे हिरवं हँडल म्हणजे सहसा डिझेल, पण बीपीच्या पंपावर हिरव्यातून पेट्रोल येतं. लेबल वाचा, मगच भरा.