खनिज संग्रहालयात गेलात तर आधी चिठ्ठी वाचा

खनिजांच्या संग्रहालयात गेलं की आपण सगळे एकच करतो. सगळ्यात जास्त चमकणाऱ्या दगडासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. त्यात गैर काही नाही, दगड सुंदरच असतात. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा दगडाखालची चिठ्ठीही वाचा. नाव तर असतंच, पण त्याखाली बारीक अक्षरात गाव, खाण, कधीकधी साल लिहिलेलं असतं. संशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने निम्मा नमुना तिथे असतो. हे नीट समजायचं असेल तर माझ्याबरोबर जर्मनीतल्या फ्रायबर्गला चला.

ड्रेस्डेनहून रेल्वेने पाऊण तासाच्या अंतरावरचं हे लहानसं शहर. ११६८ च्या सुमारास इथे चांदी सापडली आणि त्यावरच गाव वाढलं. १७६५ मध्ये इथे खाणविद्या शिकवणारी संस्था निघाली, तिचंच आज विद्यापीठ झालंय. या विद्यापीठाचं खनिजवैभव दोन ठिकाणी पाहायला मिळतं. गावातल्या फ्रॉयडेनश्टाइन किल्ल्यात २००८ पासून 'टेरा मिनरालिया' हे प्रदर्शन आहे. एका खाजगी संग्राहक बाईंनी कायमस्वरूपी उसनवारीवर दिलेला हा संग्रह खंडांप्रमाणे मांडलाय आणि नमुने साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. पर्यटक इथे येतात, आणि यावंच. दुसरा संग्रह म्हणजे विद्यापीठाने पिढ्यान् पिढ्या शिकवण्यासाठी आणि अभ्यासासाठी जमवलेला. तो तितका झगमगीत नाही, पण मला विचाराल तर खरी गंमत तिथे आहे.

तिथे आब्राहाम गोटलोब वेर्नर हे नाव तुम्हाला पदोपदी भेटेल. १७७५ पासून चाळीसेक वर्षं त्याने इथे शिकवलं. रंग, चकाकी, कठीणपणा अशा बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरून खनिज कसं ओळखायचं याची शिस्त त्याने घालून दिली. पण याच वेर्नरचं ठाम मत होतं की बेसॉल्ट हा खडक समुद्राच्या पाण्यातून साचून तयार होतो! सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या आपल्याला हसू येईल. जरा थांबा. जवळच्या शायबेनबर्ग टेकडीवर त्याने खाली वाळू, मग चिकणमाती आणि वर बेसॉल्ट असा क्रम पाहिला होता, आणि एकातून दुसरं हळूहळू झालंय असं त्याला दिसलं. निरीक्षण होतं, निष्कर्ष चुकला. पुढे त्याचेच विद्यार्थी, लिओपोल्ड फोन बुख आणि अलेक्झांडर फोन हुंबोल्ट, प्रत्यक्ष ज्वालामुखी पाहून आले आणि गुरूच्या मतापासून दूर गेले. वेर्नरचा सिद्धांत मागे पडला, त्याने जमवलेले दगड मात्र अजून कामाचे आहेत.

आता मुख्य गोष्ट. १८८५ मध्ये फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत चांदीचं एक अनोळखी खनिज सापडलं. प्राध्यापक आल्बिन वाइसबाख यांनी त्याला आर्जिरोडाइट असं नाव दिलं आणि रासायनिक पृथक्करणासाठी ते सहकारी क्लेमेन्स विंक्लर यांच्याकडे सोपवलं. विंक्लर यांनी चांदी मोजली, गंधक मोजलं, लोह, जस्त, पारा सगळं मोजलं. बेरीज ९३ टक्क्यांच्या आसपासच! पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही या सात टक्क्यांचा त्रास समजेल. आपण बहुधा 'प्रयोगातली चूक' म्हणून वही मिटली असती. विंक्लर महिनोन् महिने त्याच्या मागे लागले आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये एक नवं मूलद्रव्य हाती आलं: जर्मेनियम. मेंडेलेएव यांनी आपल्या आवर्तसारणीत सिलिकॉनच्या खाली एक जागा मोकळी ठेवली होती आणि तिथल्या मूलद्रव्याचं अणुभार ७२ असेल असं १८७१ मध्येच सांगितलं होतं. विंक्लर यांना मिळालेला आकडा ७२.३. पुढे १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर बनला तो याच जर्मेनियमचा.

फ्रायबर्गचं खाणकाम १९६९ मध्ये बंद पडलं. म्हणजे हिमेल्सफ्युर्स्टच्या आर्जिरोडाइटवर उद्या कोणाला नव्या यंत्राने काही मोजायचं असेल, तर खाणीत उतरून ताजा नमुना आणायची सोय नाही. जे आहे ते संग्रहांच्या खणांत. आणि खणातला तो करडा, दिसायला अगदी सामान्य तुकडा हिमेल्सफ्युर्स्टचाच आहे हे सांगणारी एकच गोष्ट आहे, ती चिठ्ठी. म्हणूनच आजही नवं खनिज जाहीर करायचं तर त्याचा मूळ नमुना एखाद्या कायमस्वरूपी संग्रहात जमा करावा लागतो.

आता घराकडे वळू, कारण हाच प्रश्न आपल्या दारातही आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहांत महाराष्ट्रातले दगड असतात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर त्यांत झिरपलेल्या गरम पाण्याने स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढवले. भोर घाटात रेल्वेसाठी कातळ फोडला तेव्हा निघालेले स्फटिक थेट युरोपात पोचले. वाघोलीच्या दगडखाणींतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगप्रसिद्ध आहे. या खनिजाचं मूळ वर्णन अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या नमुन्यांवरून झालं, पण सर्वोत्तम नमुने पुण्याशेजारचे.

'नंतर' म्हणजे किती नंतर? अपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असतं, त्यामुळे किरणोत्सारी ऱ्हासावरून त्याचं वय काढता येतं. अशा मोजमापांतून दिसलंय की काही स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेत. कातळ केव्हाच गार झाला होता. मग गरम पाणी आलं कुठून? हा खुला आणि फार सुंदर प्रश्न आहे. त्यासाठी स्फटिक कुठल्या खाणीतला, लाव्हाच्या कुठल्या थरातला हे कळायला हवं. आणि जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं फक्त 'पूना, इंडिया'. त्या पूनामध्ये अख्खा घाट मावतो. त्यात व्यापारी कधीकधी आपली खाण लपवण्यासाठी मुद्दाम मोघम पत्ता देतात. देखणा, हातभर मोठा नमुना, पण या प्रश्नापुरता मुका.

चिठ्ठी शाबूत राहणं हेही सोपं नाही. दमट हवेत पायराइट सडतो, त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि ते खालचा पुठ्ठा नि चिठ्ठी दोन्ही खातं. प्राउस्टाइट हे लालभडक चांदीचं खनिज उजेडात काळवंडतं. लॉमोंटाइट आपल्याकडेही मिळतो, तो कोरड्या हवेत पाणी सोडून भुगा होतो. तेव्हा एखादं दालन अंधारं वाटलं किंवा कपाट बंद दिसलं तर कर्मचाऱ्यांवर वैतागू नका.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण माझेच तीन नमुने वाया गेलेत. पावसाळ्यात एका दगडखाणीतून आणले, पिशवीवर मार्करने क्रमांक टाकले, आणि पिशव्या भिजून शाई पसरली. दगड अजून माझ्या टेबलावर आहेत. कुठला कुठल्या थरातला, काही सांगता येत नाही. मार्गदर्शकांनी फक्त एवढंच विचारलं, "मग आता हे पेपरवेट का?"

संग्रहालयं यावर जी युक्ती करतात ती साधी आहे. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर बारीक क्रमांक लिहायचा, आणि तोच क्रमांक वहीत, तपशिलासकट. चिठ्ठी हरवली तरी दगड आपला क्रमांक सांगतो. तुमच्या घरी ट्रेकहून आणलेली एखादी गारगोटी किंवा स्फटिकांनी भरलेली कपची शोकेसमध्ये असेलच. कुठल्या घाटातून, कुठल्या वळणावरून उचललीत ते आठवतंय तोवर लिहून टाका.