पाडवा झाला की निघायचं

"तिथं मले काही झालं त कोन पाहीन?"

मुलाने सहा महिने न्यू जर्सीला राहायला बोलावलं, त्या रात्री बायकोने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिला धीर दिला नाही. वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला. आठ दिवसांत अकरा प्रश्न जमले. शेताचं काय, पेन्शनचं काय, भाषा कळली नाही तर, करमलं नाही तर. प्रत्येकासमोर एक काम आणि एक तारीख लिहीत गेलो. धाकधूक गेली नाही, पण तिचे तुकडे झाले आणि एकेक तुकडा उचलता येऊ लागला.

ही रीत माझी नव्हे. आनंदीबाई जोशी 1883 साली एकट्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. त्याआधी 24 फेब्रुवारीला सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी लोकांपुढे भाषण केलं. लोक जे विचारत होते तेच प्रश्न त्यांनी एकामागून एक घेतले: का जाता, एकट्या का जाता, संकट आलं तर काय कराल, परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर? सगळ्यांना उत्तरं दिली. 7 एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटलं आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मला त्यांच्या धैर्याइतकीच ही प्रश्नांना उत्तरं देण्याची पद्धत मोलाची वाटते. आपल्या भागातलेही लोक गेलेच की. पापळचे पंजाबराव देशमुख 1920 मध्ये शिकायला विलायतेला गेले, ते सहा वर्षांनी परतले. आमच्या तिवशाशेजारच्या मोझरीहून तुकडोजी महाराज 1955 मध्ये जपानला जाऊन आले.

सगळ्यात आधी महिना ठरवावा. वऱ्हाडात शेतकऱ्याला तो गुढीपाडव्यानंतरचाच. कापूस वेचून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, मृग बहाराची संत्री विकलेली असतात. सालदाराचं साल पाडव्याला बदलतं. तेव्हाच शेत मक्त्याने द्यायचं, कागदावर सही घ्यायची, म्हणजे मृगाच्या पेरणीची काळजी आपली उरत नाही. दुसरं टोक नोव्हेंबरचं. पेन्शनरांना तेव्हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता आधारवर मोबाइलवरूनही देता येतो, तरी पहिल्या वेळी मी म्हणेन, दिवाळीच्या आत घरी या.

मग पासपोर्ट. अर्ज ऑनलाइन, कार्यालय नागपूरचं, चौकशी आपल्या ठाण्याची. छत्तीस पानांच्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये, साठी ओलांडलेल्यांना त्यात दहा टक्के सूट, मुदत दहा वर्षांची. यात खरी अडचण असते नावाची. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकावर नवऱ्याच्या नावाचं नुसतं एक अक्षर. आम्ही एका एजंटाकडून अर्ज भरला आणि त्याने 'लीला'ची 'लिलाबाई' करून ठेवली. दोन महिने गेले. म्हणून सांगतो, सगळे कागद एकाशेजारी एक मांडा आणि नावातलं अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा. चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्टचा अर्ज भरा. तिकिटावरही पासपोर्टवरचंच नाव हवं.

अमेरिकेच्या व्हिसासाठी एक लांबलचक ऑनलाइन फॉर्म असतो. तो भरून फी भरायची, मग एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, आणि त्यानंतर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. फी परत मिळत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. मुलाखतीला लोक फार घाबरतात, म्हणून तिच्यामागचा कायदा समजून घ्या. येणारा माणूस तिथेच राहून जाणार असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं असतं, आणि परत येणार हे अर्जदाराने पटवायचं असतं. म्हणून सातबारा, पेन्शनचे कागद, घराची पावती जवळ ठेवावी. बहुतेक वेळा कागद कोणी मागतच नाही, दोन-चार प्रश्नच होतात. कोणाकडे, किती दिवस, इथे मागे काय आहे. विचारलं तेवढंच आणि खरं ते सांगायचं. मराठी दुभाषा मागता येतो, त्यात कमीपणा काही नाही.

इथे एक गोष्ट फार जण चुकतात. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहायला परवानगी, असं नाही. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतो. ती तारीख 'आय-94' या नोंदीत असते आणि ऑनलाइन पाहता येते. उतरल्यावर मुलाकडून ती काढून घ्या आणि वहीत लिहा. ती ओलांडली तर पुढच्या वेळी दार बंद होऊ शकतं.

आता बायकोचा पहिला प्रश्न. तिथला दवाखाना भयंकर महाग, म्हणून विमा निघण्याआधी घ्यावा आणि बीपी-शुगरसारख्या जुन्या दुखण्यांना तो किती धरतो, हे वाचून घ्यावं. गोळ्या मूळ पाकिटासकट हातातल्या बॅगेत, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. लोणचं मोठ्या बॅगेत. संत्री नेऊ नका. ताजी फळं आणि बियाणं तिथे अडवतात, आणि खाण्याचं जे काही नेलं असेल ते तिथल्या अधिकाऱ्याला सांगायचंच. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. त्यासोबत येणारा माणूस रांगेतून, तपासणीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, आणि इंग्रजीची अर्धी भीती तिथेच सरते.

एक तालीमही केली. माघात पंधरा दिवस पुण्याला भाच्याकडे राहिलो. घराची किल्ली शेजारी, बैल मक्तेदाराकडे. तिथून कळलं की विजेचं बिल भरायचं कोणाला सांगितलंच नव्हतं आणि बँकेचा ओटीपी घरी ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर जात होता. ते सिम चालू ठेवून सोबत न्यायचं ठरलं.

वहीतला अकरावा प्रश्न, करमलं नाही तर, याच्यासमोर बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. शेवटी तारीख बदलता येईल असं परतीचं तिकीट काढलं, थोडे पैसे जास्त गेले. आणि शेजारच्या काकूंशी फोनची वेळ ठरवली. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिवशात सकाळचे सहा. काकू सडा टाकून ओट्यावर बसतात ती हीच वेळ.