शिवारातील निसर्गशाळा

शेतीचे यशापयश पाऊस, माती, पाणी आणि कीड या चार गोष्टींवर अवलंबून असते, हे शेतकऱ्याच्या मुलास मुद्दाम शिकवावे लागत नाही. घरातील बोलणेच या विषयांचे असते. परंतु काल रात्रीचा पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरीचे पाणी दसऱ्यापासून आखाजीपर्यंत किती खाली गेले, किंवा कपाशीच्या शंभर फुलांत डोमकळ्या किती आहेत, असे विचारले तर मुलास सांगता येत नाही. पुष्कळदा त्याच्या वडिलांनाही सांगता येत नाही. 'पाऊस बरा झाला' एवढ्या अंदाजावर पेरणी होते, पुढे पाऊस ओढ देतो, आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर बसतो. हा तोटा अज्ञानाचा नसून मोजदाद न ठेवल्याचा आहे. मोजण्याची सवय लहानपणी लागली तर ती जन्मभर टिकते. म्हणून शाळकरी मुलांना निसर्गाचे शिक्षण प्रत्यक्ष हाताने काम करून मिळावे, याकडे गावातील कार्यकर्त्यांनी व पालकांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.

पूर्वीचे प्रयत्न

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, आणि मुलांना प्रत्यक्ष शिक्षण देता येईल असे लहानसे नमुन्याचे शेत असावे, अशी मागणी केली होती. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना निराळीच अडचण पाहिली. मुले दिवसभर गुरे राखण्यास जात, त्यामुळे शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगात झाडे, दगड, पाने व गुरे हीच शिक्षणाची साधने झाली.

शहरांतही असे प्रयत्न झाले आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुंबईत गोरेगाव येथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस, निसर्गशिक्षणाचे केंद्र उभारले. तेथे शाळांतील मुलांना जंगलातील पायवाटेने हिंडवून पक्षी, फुलपाखरे व झाडे प्रत्यक्ष दाखविली जातात. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा निर्देश दिल्यावर पाठ्यपुस्तकांत त्यास स्थान मिळाले. तरी पुस्तकातील धडा आणि हातातील माती यांत अंतर राहतेच.

मुंबईच्या मुलास निसर्ग पाहण्यासाठी केंद्रात जावे लागते. धरणगाव तालुक्यातील मुलाचे केंद्र त्याच्या दारापासून सुरू होते. उत्तरेस तापी, पूर्वेस गिरणा, मधला काळ्या जमिनीचा पट्टा, त्यावरील कपाशी, ज्वारी व केळी, बांधावरील निंब व बाभळी, आणि गावोगावच्या विहिरी, एवढे साहित्य शिक्षणास पुरेसे आहे. कमी पडते ती पट्टी, दोरी आणि नोंदवही.

आधी पाहणे

धरणगाव हे बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे जन्मगाव होय. १८९० साली येथे जन्मलेल्या या कवीने निसर्गाकडे लहान मुलाच्या कुतूहलाने पाहिले. त्याच भूमीतील मुलांचा पहिला पाठही पाहण्याचाच असावा. सकाळच्या वेळी मुलांना अर्धा तास बांधाने न्यावे. कोतवाल व वेडा राघू कोठे बसतात, काय टिपतात, नांगरामागे गायबगळे का येतात, हे त्यांनी स्वतः सांगावे. उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये. पक्षी किडे खातात हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यास पिकात पक्षिथांबे का लावावयाचे हे वेगळे समजवावे लागत नाही.

पाऊस मोजणे

सरळ काठांचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी एवढ्यावर काम भागते. डबा झाडे व भिंतींपासून दूर, उघड्या जागी, तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच राहील असा घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची मोजून डबा रिकामा करावा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. हवामान खाते अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडलेल्या दिवसासच 'पावसाचा दिवस' म्हणते, हेही मुलांस सांगावे.

मग हिशेब करू द्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा २५ मिलिमीटर पाऊस झाला की एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते; दहा हजार लिटरचे दहा टँकर भरावेत एवढे. हे पाणी बांधात अडले की नाल्यात गेले, असा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात.

कोरडवाहू कपाशीची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्यावर करावी, अशी शिफारस आहे. शाळेच्या फलकावर जून महिन्यात पावसाची रोजची बेरीज लिहिली गेली, तर पेरणीची घाई करणारा शेतकरी शाळेवरून जाताना थांबून ती वाचील. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडतोच असे नाही, म्हणून गावाचा स्वतःचा आकडा मोलाचा असतो.

माती ओळखणे

काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावे, खूप हलवून बरणी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, चिकणमाती एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ पाण्यात तरंगत राहते. नदीकाठची, मळ्यातील आणि माळावरील अशा तीन मातींच्या बरण्या शेजारी ठेवल्या की काळी जमीन ओलावा का धरते आणि उन्हाळ्यात तिला भेगा का पडतात, हे थरांवरून समजते.

दुसरा प्रयोग धुपीचा आहे. दोन पसरट पत्र्यांत सारखी माती भरावी. एकीत गवताची ढेकळे लावावीत, दुसरी उघडी ठेवावी. दोन्हींच्या एका बाजूस वीट देऊन उतार करावा आणि झारीने दोन-दोन लिटर पाणी घालून खाली येणारे पाणी बाटल्यांत धरावे. उघड्या मातीचे पाणी गढूळ येते, गवताचे बरेच निवळ. मग उघड्या मातीत एकदा उताराच्या दिशेने व एकदा उतारास आडव्या काकऱ्या ओढून तोच प्रयोग करावा. आडव्या पेरणीचा उपदेश वर्षानुवर्षे होत आहे. या दोन बाटल्या घरी नेऊन दाखविणारे मूल तो अधिक चांगल्या रीतीने करील.

विहिरीचा हिशेब

खानदेशात आखाजीला सालदाराचे साल सुरू होते. विहिरीच्या नोंदीचे सालही तेथूनच धरावे. आखाजीच्या सुमारास पाणी खोल गेलेले असते, दसऱ्याच्या सुमारास ते वर आलेले असते. कठड्यावर एक कायमची खूण करावी. दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीस वजन बांधून, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. दोरी मोठ्या माणसाने सोडावी, मुलांनी गाठी मोजाव्यात व आकडा लिहावा.

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. एका एकरास पाच सेंटिमीटर पाणी मोकाट दिले तर दोन लाख लिटर लागते. झरे मध्यंतरी धरले नाहीत, तर अशा विहिरीतील सात मीटर पाणी एका पाळीत संपते. हा गुणाकार सातवीच्या मुलास सहज येतो, आणि ठिबक सिंचनाचा अर्थ त्यातून आपोआप उलगडतो. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या म्हणजे गावाचे पाणी वाढते आहे की आटते आहे, याचा वाद उरत नाही.

कपाशीवरील शत्रू आणि मित्र

२०१७ च्या खरिपात शेंदरी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे फार मोठे नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे बाहेरून पीक चांगले दिसत असतानाच हानी होऊन जाते. तिचा शोध वेळेवर घेण्यास कामगंध सापळे उपयोगी पडतात. टेहळणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. गोळी बसविण्याचे काम मोठ्यांनी करावे, पतंग मोजण्याचे मुलांनी. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपायांची वेळ झाली असे समजावे.

त्याचबरोबर शंभर फुले पाहून त्यांत पाकळ्या न उमललेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या डोमकळ्या किती हे मोजावे. हिरवी २० बोंडे मोठ्या माणसाने फोडावीत. दोन बोंडांत अळी सापडली म्हणजे प्रमाण दहा टक्के झाले, आणि हीच नुकसानीची पातळी होय. डोमकळ्या तोडून नष्ट करण्याचे कारण मुलांना आतील अळी दाखवूनच सांगावे.

शत्रूबरोबर मित्रही मोजावेत. मावा खाणारा ढालकिडा, क्रायसोपा आणि कोळी यांची दहा झाडांवरील संख्या लिहावी. 'प्रत्येक किडा वाईट' ही समजूत येथे गळून पडते, आणि विनाकारण फवारणीचा आग्रह कमी होतो. कपाशी डिसेंबरनंतर फरदड म्हणून ठेवली तर अळीला पुढील हंगामापर्यंत अन्न मिळत राहते, ही साखळी मुलांनी चित्र काढून दाखवावी.

नोंदवही आणि सावधगिरी

या सर्व पाठांचे फळ एका नोंदवहीत उतरले पाहिजे. दिनांक, जागा, आकडा आणि मोजणाऱ्याचे नाव एवढे चार रकाने पुरेत. आकडा घेतला नसेल तर रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरलेला आकडा सबंध वहीवरील विश्वास घालवितो. वही शाळेत राहावी, वर्ग पुढे गेला तरी ती पुढील वर्गाच्या हाती जावी.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. औषध फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये, औषधांचे रिकामे डबे पाऊस मोजण्यासही वापरू नयेत. कठडा नसलेल्या विहिरीजवळ पाठ घेऊ नये. बिळात किंवा दगडाखाली हात घालू देऊ नये, पायांत बूट असावेत. मार्चपासून ऊन वाढते, तेव्हा शिवारातील काम सकाळीच आटोपावे. विजा चमकत असताना कोणीही उघड्यावर जाऊ नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, हे शिक्षण आहे, मजुरी नव्हे. कापूस वेचणीस मुलांना लावून त्यास निसर्गाचा पाठ म्हणणे ही मुलांची फसवणूक होय.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातील एक तास ठरवावा, एका इच्छुक शेतकऱ्याचे कपाशीचे शेत व एक कठड्याची विहीर निवडावी, आणि पहिले तीन पाठ स्वतः उभे राहून करून दाखवावेत. नंतर काम शिक्षक व मुलांवर सोपवावे. महिन्यातून एकदा वहीतील आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील अशी व्यवस्था करावी. आपण लिहिलेला आकडा पाहून गावाने पेरणी दोन दिवस पुढे ढकलली, हे ज्या मुलास कळेल, त्यास निसर्गाचा अभ्यास कशासाठी करावयाचा हे पुन्हा सांगावे लागणार नाही.