गुण आपले, मोजमाप सोबत्यांचे

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीच्या विद्यार्थ्याच्या हाती दोन निकाल पडतात. पहिला राज्याच्या परीक्षा मंडळाचा. त्यात विषयवार गुण असतात. दुसरा विद्यापीठांच्या प्रवेश केंद्राचा. त्यात एकच संख्या असते. २००९ पासून तिला ‘एटार’ म्हणतात. ती ९९.९५ पर्यंत जाते आणि टक्केवारीसारखी दिसत असली तरी टक्केवारी नव्हे. ८० एटार मिळविणारा विद्यार्थी आपल्या वयोगटात वरून विसाव्या टक्क्यावर आहे, एवढाच तिचा अर्थ. विद्यापीठाचे दार बहुधा या दुसऱ्या निकालाने उघडते. आणि दोहोंच्या मधोमध ‘स्केलिंग’ नावाची प्रक्रिया बसली आहे. तिचा जेवढा धसका आहे, तेवढी तिची माहिती नाही.

सर्वसाधारण समज असा, की कठीण विषयाचे गुण वाढवितात आणि सोप्या विषयाचे कापतात. वस्तुतः विषय कठीण की सोपा, हा प्रश्न या गणितात कोणी विचारीतच नाही. विचारतात ते एवढेच : हा विषय घेणारी मुले आपल्या इतर विषयांत कशी उतरली? ती तिथे सरस ठरली असतील तर या विषयातील चुरस मोठी होती असे मानून त्याची सरासरी वर नेली जाते. ती बेताची ठरली असतील तर खाली आणली जाते. म्हणून गणिताचा सर्वांत वरचा अभ्यासक्रम आणि लॅटिन वर राहतात. नृत्यासारखे विषय खाली. एका विषयातील मुलांचा आपापसांतील क्रम मात्र बदलत नाही. पुढे इंग्रजी सक्तीने धरून दहा एककांची ५०० पैकी बेरीज होते आणि त्या बेरजेवरून क्रमांक लागतो.

हे नसते तर काय झाले असते, तेही पाहिले पाहिजे. विषय निवडण्याची मुभा असलेल्या परीक्षेत कच्च्या गुणांची बेरीज करणे म्हणजे शेर आणि वार यांची बेरीज करणे होय. हुशार मुलांच्या गर्दीत मधोमध राहिलेल्या विद्यार्थ्यावर त्यात उघड अन्याय झाला असता. तेव्हा स्केलिंगला लबाडी म्हणण्यात अर्थ नाही. शंका आहे ती त्याच्या बुडाशी असलेल्या गृहीतकाविषयी. बुद्धी ही एकच वस्तू आहे आणि ती एका विषयातून दुसऱ्या विषयात जशीच्या तशी नेता येते, असे ते धरून चालते. समजा, एखादी मुलगी नृत्यात असामान्य आहे. तिच्या विषयाची किंमत ठरते ती तिच्याबरोबर नृत्य घेतलेल्या मुलांना इतिहासात आणि गणितात काय जमले यावरून. त्या मुलांचा गणिताचा पेपर तिच्या पदन्यासाविषयी काय सांगणार?

गणिताचा हा नियम दैवी नाही, हे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने दाखवून दिले आहे. परभाषा शिकणाऱ्यांना उत्तेजन मिळावे म्हणून तिथे त्या विषयांच्या सरासरीत पाच गुणांची भर धोरण म्हणूनच घातली जाते. भाषेसाठी हे करता येते; मग कलेसाठी का नाही, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर गणिताने नव्हे, धोरणानेच द्यावे लागेल.

आपल्याकडील वाचकांना ही कटकट अगदीच परकी नाही. २००८ मध्ये अकरावीच्या प्रवेशासाठी निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणणारे ‘पर्सेंटाइल’ सूत्र राज्य सरकारने काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आपला वाद मंडळामंडळांत होता, त्यांचा विषयाविषयांत आहे. मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच.

खरे नुकसान परीक्षेच्या आधी होते. दहावी संपताना विषय निवडण्याची वेळ येते, तेव्हा ‘याचे स्केलिंग चांगले’ एवढ्यावर विषय घेतले आणि सोडले जातात. न झेपणाऱ्या विषयात मागे पडलेल्या मुलाला वरची सरासरी तारत नाही, हे प्रवेश केंद्र सांगत असते. पण पालकांच्या कानांवर शेजाऱ्यांचे बोलणे आधी पडते. सिडनीच्या संगीत विद्यालयात वाद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना उमेदवाराचे वादन ऐकले जाते. इतर विद्याशाखांनी निदान काही जागांपुरती तरी अशी स्वतःची पारख करावयास काय हरकत आहे?