पन्नास ओह्मची वहिवाट

विद्युत्-परिपथाची हद्द जेथे संपते आणि बाहेरची केबल, अँटेना किंवा दुसरे एखादे यंत्र त्याला येऊन मिळते, त्या नाक्याला अभियंते पोर्ट म्हणतात. आणि संगणकावर परिपथाची आकृती रेखाटून झाल्यावर या पोर्टचा संरोध, म्हणजे नित्याच्या बोलण्यातला इंपीडन्स, किती धरावा असे सिम्युलेशनची आज्ञावली विचारते, तेव्हा फारसा विचार न करता 50 ओह्म हा आकडा दाखल करण्याची वहिवाट पडून गेली आहे. मोजमापाच्या उपकरणांपुरती ती रास्तच आहे, कारण त्यांच्या केबली बहुधा त्याच मूल्याच्या असतात. अँटेनाचा मामला मात्र निराळा.

एफएम रेडिओच्या पट्ट्यात, 100 मेगाहर्ट्झला, लहरीची लांबी 3 मीटर भरते. तिच्या निम्म्या लांबीची, दीड मीटरची बारीक तार मध्यावर तोडून त्या दोन टोकांपाशी संरोध पाहिला, तर सुमारे 73 ओह्मचा रोध आढळतो आणि त्याच्या जोडीला, ऊर्जा न खाता ती क्षणभर साठवून परत करणारा, सुमारे 42.5 ओह्मचा भाग आढळतो. तार तशीच ठेवून कंप्रता थोडी उतरवली की हा दुसरा भाग शून्यावर येतो, आणखी उतरवली की त्याचे चिन्हच उलटते. अशा अँटेनाला 50 ओह्मच्या परिपथाने शक्ती पाठवली असता जवळजवळ 14 टक्के शक्ती नाक्यावरूनच माघारी फिरते, आणि हा हिशेबही त्या एकाच कंप्रतेपुरता खरा.

म्हणून एका आकड्याऐवजी कंप्रतावार संरोधाचा तक्ताच पोर्टला जोडावा लागतो. पोर्टचा संदर्भ-संरोध असा बदलता आणि संमिश्र झाला, की परावर्तनाची नेहमीची व्याख्या शक्तीचा हिशेब चोख ठेवीत नाही. कानेयुकी कुरोकावा यांनी 1965 साली मांडलेल्या शक्ति-लहरींची व्याख्या येथे उपयोगी पडते. आपली आज्ञावली या दोहोंपैकी कोणती व्याख्या पाळते याची खातरजमा न केल्यास एकाच परिपथाची दोन निरनिराळी उत्तरे हाती येतात.

खरी परीक्षा कालक्षेत्रात होते. क्षणाक्षणाचा व्होल्टेज काढणाऱ्या आज्ञावलीला कंप्रतेचा तक्ता थेट वाचून भागत नाही. आधी त्या वक्राला साध्या अपूर्णांकांच्या बेरजेत बसवावे लागते, म्हणजे त्यातून रोध, कॉइल आणि कपॅसिटर यांचे समतुल्य जाळे उभे करता येते. गुस्तावसेन आणि सेमल्येन यांची 1999 सालची व्हेक्टर फिटिंग ही पद्धती याच कामी येते, आणि तिची उपयुक्तता मला असामान्य वाटते. मात्र बसवलेल्या वक्रातील रोधाचा भाग कोणत्याही कंप्रतेला ऋण होता कामा नये. झाल्यास संगणकातली अँटेना, कोणी न दिलेली शक्ती परिपथात ओतू लागते आणि आलेख बघता बघता अफाट फुगू शकतो.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. मोजणी 80 मेगाहर्ट्झपासून केलेली असते, परंतु आज्ञावली सर्वांत आधी एकदिश प्रवाहाचा, म्हणजे शून्य कंप्रतेचा, हिशेब मांडते. मध्यावर तोडलेल्या तारेतून एकदिश प्रवाह वाहतच नाही. पण तक्त्याची पहिली ओळ तशीच मागे ओढली गेली, तर तेथे काही ओह्मचा खोटा रोध निर्माण होतो आणि ट्रान्झिस्टरचा बायस पहिल्याच पावलाला ढळतो.