अकरा दिवसांची वाट

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. आपल्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, असे बेने इस्राएल समाज परंपरेने सांगत आला आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही मंडळी कोकणच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवू लागली. पण शनिवारी घाणा बंद! म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

हाताशी पोथी नसता या लोकांनी आठवड्यातून एक दिवसाची मिळकत का बरे सोडावी? याचे उत्तर शोधायला आपल्याला त्यांच्याच पूर्वजांच्या वाळवंटातल्या प्रवासाकडे जावे लागते.

मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळू लागला. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करावा, असा नियम होता. काहींनी भीतीपोटी सकाळपर्यंत ठेवला, तर त्यात किडे पडले. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, आणि तो सातव्या दिवशी मुळीच नासत नसे. शब्बाथाचा धडा असा पोटातून शिकवला गेला.

आता कोर्लईच्या एखाद्या ख्रिस्ती घरातली गृहिणी विचारील, “अहो, मग आम्ही आगोटीला तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतो, ते पाप का?” मुळीच नाही. सहाव्या दिवसाची शिदोरी हीदेखील साठवणच होती. नासला तो साठा नव्हे. ‘उद्या देव देईल की नाही’ या धास्तीने धरून ठेवलेला घास नासला. ‘आमची रोजची भाकर’ मागायला प्रभू येशूने शिकवले, त्यातले मर्म हेच. बेगमी करावी, पण भिस्त बेगमीवर ठेवू नये. शनिवारी बंद राहणारा घाणा हीच गोष्ट शेजाऱ्यांना न बोलता सांगत होता.

दुसरा धडा अधिक कठीण आहे. होरेब डोंगरापासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे अनुवादाच्या पुस्तकात नमूद आहे. म्हणजे वचनदत्त देशाची सीमा काही फार लांब नव्हती! कादेशाहून बारा हेर गेले, चाळीस दिवसांनी परतले. देश उत्तम, हे सर्वांनीच कबूल केले. पण दहा जणांना तिथल्या धिप्पाड माणसांपुढे आपण टोळांएवढे वाटलो. यहोशवा आणि कालेब या दोघांचे कोणी ऐकले नाही. मग एका दिवसाला एक वर्ष, याप्रमाणे चाळीस वर्षे भटकणे नशिबी आले. वाट लांब नव्हती. पाय मागे ओढणारे मन लांब होते. मिसरात फुकट मिळणारी मासळी, काकड्या, कांदे-लसूण त्यांना आठवत होते. पाठीवरचे वळ मात्र विसरले होते!

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात यावर बोट ठेवले आहे. सगळेच समुद्रातून पार झाले, सगळ्यांनीच तेच अन्न खाल्ले, तरी बहुतेक रानातच पडले. आणि हे आपल्या बोधासाठी आहे, असे तो बजावतो. बाप्तिस्मा झाला, रविवारी देवळात जातो, आजोबाही जात होते, एवढ्याने आपण पोहोचलो असे समजणाऱ्याला हा इशारा आहे. मिसरातून पाय निघाला, तरी मिसर मनातून निघावे लागते.

तिसरा धडा आठवणीचा. वल्हांडणाच्या दिवसांत कोकणातले बेने इस्राएल ‘अनाशी ढाकायचा सण’ पाळीत. आंबट अनाशीचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे. आंबलेले वर्ज्य करण्याच्या प्राचीन आज्ञेचा हा धागा घरच्या स्वयंपाकघराने जपला. पुढे १८२९ साली मुंबईस आलेले जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले (१८३२), आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून या समाजाला आपली कथा पुन्हा ग्रंथांत वाचायला मिळाली. शिकवणारे ख्रिस्ती, पण पोथीवाचून निष्ठा कशी टिकते, हा पाठ त्यांना शिकणाऱ्यांकडूनच मिळण्याजोगा होता.

१९४८ नंतर यांतली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. कित्येकांनी बिरशेबा आणि दिमोना या नेगेव वाळवंटातल्या गावी संसार थाटले. नारळी-पोफळीच्या छायेतली माणसे पुन्हा वाळवंटाच्या वाटेला लागली! अलिबाग परिसरात आज थोडीच घरे उरली आहेत.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात एखादी अकरा दिवसांची वाट असते: मागायची राहिलेली क्षमा, तोडायचे राहिलेले व्यसन, भावाशी मिटवायचा राहिलेला तंटा. ती चाळीस वर्षांची करायची की नाही, हे वाळवंट ठरवीत नाही. ते आपणच ठरवतो.